यतीमाची बाटली

दर दुसऱ्या बुधवारी सकाळी मी मोपेडच्या मागे बाटल्यांचा खोका बांधून निघते, आणि मला बघताच बायका गाईंच्या अंगावर काहीतरी टाकतात. गोणपाट, जुनी चादर, नवऱ्याचा फाटका झगा, हाताला लागेल ते. गाईला थंडी वाजते म्हणून नाही, माझी नजर पडू नये म्हणून. चार वर्षं झाली या नोकरीला, पण अजून सवय झालेली नाही. दर वेळी राग येतोच.

मी यामना. दूध संस्थेसाठी नमुने गोळा करते. एका गाईमागे एक बाटली, बाटलीवर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आणि वहीत तिचं त्या दिवसाचं दूध. बाटल्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातात आणि शनिवारी कागद येतो. फॅट किती, प्रोटीन किती, साखर किती, पेशी किती. फॅट बघून सगळे खूश होतात. मी आधी साखर बघते. कास आतून दुखायला लागली की दुधातली साखर उतरते आणि खार चढतो. कास सुजायच्या, दुधात गाठी दिसायच्या कितीतरी दिवस आधी हे होतं. पेशीही वाढतात. कास टणक होऊन दगडी झाल्यावर कळलं तर सड गेलाच म्हणून समजा. हे मी बायकांना इतक्या वेळा सांगितलंय की लग्नाबिग्नात त्या माझी नक्कल करतात, नाकावर चष्मा ओढून. "दूध खोटं बोलत नाही गं बायांनो!"

त्यात आमचे अध्यक्ष सी मिलूद यांनी अक्कल पाजळली. गावात चढाओढ लागावी म्हणून आलेला कागद त्यांनी संकलन केंद्राच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. कुणाच्या घरची कुठली गाय किती देते, सगळं नावानिशी. आमच्या दुक्काला प्रांतात बाईला तिचं वय विचारा एक वेळ, पण तिची गाय किती देते हे विचारू नका. विचारलंत तर "कसलं काय, वासरापुरतं" एवढंच उत्तर मिळेल. आणि इथे हा माणूस आकडे खिळ्याला टांगतो. मी विरोध केला होता. "यामना, तू शिकलेली असून अडाण्यासारखं बोलतेस," असं मला ऐकवण्यात आलं.

तामू खालाचं घर कालव्यापलीकडे, बीटाच्या शेतांना लागून. नात्याने ती माझी कुणी नाही, पण सगळा गाव तिला खाला, म्हणजे मावशीच, म्हणतो. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, दोन मुली सासरी. घरात ती आणि दोन गाई. एक काळी, बिल्ला ४४२०, परदेशी जातीची, तिसऱ्या वेताची. रस्त्याने जाणाऱ्यानेही थांबून बघावं अशी. म्हणूनच खाला तिला रस्त्याच्या बाजूला कधी बांधत नाही. दुसरी यतीमा, म्हणजे पोरकी, ४४१७. ही तांबडी, बारा वर्षांची, एक शिंग मोडलेलं. हिची आई वितानाच मेली, तेव्हा खालाने हिला बाटलीने दूध पाजलं, चुलीजवळ निजवलं आणि वाढवलं. यतीमाला दावं लागत नाही. खाला रोट्या भाजायला बसली की ती दारात येऊन उभी राहते, आणि पहिली रोटी तिचीच.

धार काढताना परकं माणूस गोठ्यात नको, हा खालाचा नियम. तिच्या आईचाही हाच होता, आजीचाही. मी अंगणात उलट्या बादलीवर बसायचे. ती मला चहा देऊन आत जायची, दार लोटून घ्यायची, आणि बऱ्याच वेळाने दोन बाटल्या घेऊन बाहेर यायची.

"ही काळीची, ही यतीमाची. लिही. काळी नऊ लिटर, यतीमा चोवीस."

मी लिहायचे.

आता तुम्ही म्हणाल, बारा वर्षांची, कमरेची हाडं वर आलेली गाय चोवीस लिटर देते आणि तुला शंका आली नाही? आली ना. एकदा मी विचारलंही. "खाला, एवढ्याशा कासेतून चोवीस लिटर?"

"पाच तुझ्या डोळ्यांत!" नजर परतवायला तिने पंजा माझ्यासमोर धरला. "आधी तबारकल्लाह म्हण! म्हण!"

"तबारकल्लाह, तबारकल्लाह." हे म्हटलं की नजर लागत नाही. "अहो, मी फक्त विचारलं."

"विचारलंस कशाला? देणारा देतो, घेणारी मी, तुझ्या पोटात का दुखतं?"

मी जीभ चावली. आमच्यात एखादीच्या कपाळी 'हिची नजर वाईट' असा शिक्का बसला की तिला बाळंतिणीच्या घरात कुणी उभं करत नाही. माझ्या हातात वही, डोळ्यांवर चष्मा, आणि चौतिसाव्या वर्षी मी बिनलग्नाची. शिक्का बसायला एवढं पुष्कळ होतं. मी पुन्हा विचारलं नाही. सी मिलूद मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंतीवरचा आकडा दाखवायचे. "बघा आमच्याकडची म्हातारी! आमच्या बीटाच्या पाल्याचा गुण!"

मग फेब्रुवारीत यतीमाच्या बाटलीतली साखर उतरली. आधी चार पॉइंट आठ होती, ती चार पॉइंट पाच झाली. मी पुढच्या कागदाची वाट बघितली. चार पॉइंट दोन. पेशी एक लाखावरून सहा लाखांवर. काळीच्या बाटलीत सगळं जिथल्या तिथे.

मी खालाकडे गेले. बादलीवर बसले, घसा साफ केला. असं काही सांगायला गेलं की बायका भांडतात हे मला माहीत होतं. माझी गाय ठणठणीत आहे, तुझं यंत्र आजारी असेल, वगैरे.

"खाला, यतीमाची साखर उतरलीय."

"कशातली?"

"दुधातली. कास आतून दुखतेय तिची. अजून बाहेर दिसत नाही, पण आहे."

खालाने चहाचा ग्लास खाली ठेवला. भांडली नाही. "लागली म्हणजे," ती स्वतःशीच म्हणाली.

"काय लागली?"

"काही नाही. यतीमाच ना? नीट बघ कागद. काळी नाही ना?"

"काळी छान आहे. यतीमाच."

तिच्या चेहऱ्यावर सुटका होती की रडू होतं, मला कळेना. दोन्ही असावं. ती उठली, यतीमाच्या मोडक्या शिंगावर हात ठेवून उभी राहिली, आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. मला ऐकू आलं ते एवढंच, "माफ कर गं." गाय आजारी पडली म्हणून तिची माफी कशाला मागायची, हे मला उमगलं नाही. म्हातारी माणसं बोलतात जनावरांशी, असं म्हणून मी पुढच्या घरी गेले.

गुरांचे डॉक्टर जिलालींनी कागद बघितला. अंगणात येऊन यतीमाची कास चाचपली. "मऊच लागतेय," ते म्हणाले. "पण छुपा आजार असाच असतो." सडात सोडायच्या ट्यूब दिल्या, दिवसातून दोनदा, आणि तिचं दूध फेकून द्यायला सांगितलं. खालाने सगळं केलं. कोमट फडक्याने कास शेकली, ट्यूब सोडल्या, दूध बांधाच्या चरात ओतलं. वर निखाऱ्यावर तुरटी टाकून यतीमाला धुरीही दिली, तीनदा उजवीकडून, तीनदा डावीकडून. स्वतःच्या तोंडचे खजूर तिला घातले. गाय इतकी लाडावली की माझ्याही पदराला हुंगायला लागली.

पुढचा कागद आला. यतीमाची साखर चार. पेशी अकरा लाख.

इथून माझं डोकं चालेनासं झालं. एकेक सांगते.

आजारी गाईचं दूध फेकायला लागल्यावर खालाच्या कॅनमधल्या पेशी कमी व्हायला हव्यात की नाही? त्या वाढल्या. कॅन तपासणारा म्हणाला, म्हातारी लबाडी करते, फेकायचं दूध चोरून कॅनमध्ये घालते. मी कॅनमधल्या दुधात औषधाची पट्टी बुडवली. औषधाचा मागमूस नाही. म्हणजे ट्यूब सोडलेलं दूध कॅनमध्ये नव्हतंच.

मग प्रयोगशाळेतून फोन आला. औषधाचा अंश सापडला होता, पण यतीमाच्या बाटलीत नाही, काळीच्या! जिला एकही ट्यूब सोडलेली नाही तिच्या बाटलीत औषध, आणि जिला सोळा सोडल्या तिची बाटली कोरी.

"तुमच्याकडे बाटल्या उलटसुलट झाल्या असतील," मी त्या फोनवरच्या मुलीवर ओरडले.

"मॅडम, नंबर तुम्ही घालता. आम्ही फक्त वाचतो."

मी खालाला विचारलं, "ट्यूब चुकून काळीला सोडल्या का?"

"मला काय आंधळी समजलीस? तांबडी-काळी कळत नाही मला? तुझ्या खालूची, माझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ, सगळ्या यतीमाला सोडल्या."

ती खोटं बोलत नव्हती. ते मला दिसत होतं. मग खोटं कोण बोलत होतं?

शेवटी मी तिला चार वाट्यांचा ट्रे दिला. एकेका सडाची धार एकेका वाटीत घ्यायची, वर जांभळं द्रावण टाकायचं. दूध खराब असेल तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं. "यतीमाचं यात काढून आणा." ती आत गेली, ट्रे घेऊन आली. मी द्रावण टाकलं, ट्रे फिरवला. चारही वाट्यांत दूध पाण्यासारखं पातळ राहिलं. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

"चांगलं की वाईट?" खालाने विचारलं. माझ्या तोंडाकडे ती अशी बघत होती की मला उत्तर द्यावंसंच वाटेना.

"द्रावण जुनं झालंय बहुतेक," मी म्हणाले.

आज मला त्या वाक्याची शरम वाटते. द्रावण जुनं नव्हतं, पंधरा दिवसांपूर्वी फोडलेलं होतं. पण कागदावर अकरा लाख छापलेलं होतं, शिक्का होता, आणि माझ्यासमोर नुसतं दूध होतं. मी कागद खरा धरला. दूध खोटं बोलत नाही म्हणत चार वर्षं गावभर हिंडले, आणि दूध समोर आलं तेव्हा त्यालाच खोटं ठरवलं.

मार्चच्या शेवटी सी मिलूदनी बैठक घेतली. खालाच्या कॅनमुळे सगळ्या टाकीचा दर्जा उतरत होता. डॉक्टर म्हणाले, "औषधाला दाद देत नाही, वयही झालंय. गोठ्यात ठेवलीत तर दुसरीलाही लागेल. काढा." सी मिलूद म्हणाले, "मंगळवारपर्यंत गाय काढा, नाहीतर बुधवारपासून तामूचं दूध घेणार नाही. यामना, तू सांग तिला. तुझं ऐकते ती." माझं कोण ऐकतं! पण वाईट बातमी द्यायची असली की सगळ्यांना मी आठवते.

खाला पालक चिरत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

तिची सुरी थांबली. "कसायाकडे?"

"खाला, बारा वर्षांची गाय दुसरं कोण घेणार?"

"अजून एकदा बघ ना, पोरी. एकदाच."

"चार कागद झाले. चारही तेच सांगतात."

"तू लिहितेस म्हणून सांगतात ते."

झालं, माझं डोकं फिरलं. दीड महिना मी सगळ्यांच्या शिव्या खात होते, प्रयोगशाळेच्या, अध्यक्षांच्या, कॅन तपासणाऱ्याच्या. "मी माझ्या मनाने लिहीत नाही! दुधात जे आहे ते लिहिते! तुमची गाय आजारी आहे यात माझा काय दोष?"

"तुझा नाही," खाला म्हणाली. "माझा आहे. तिने माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतलं." आणि तिने पालक तसाच टाकून पदर तोंडाला लावला.

मी तिथे विचारायला हवं होतं, काय अंगावर घेतलं? साधा प्रश्न होता. पण रडणाऱ्या माणसासमोर उभं राहणं मला जमत नाही, माझे हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. मी मोपेड चालू केली.

मंगळवारी सकाळी केंद्राच्या दारातून मी त्या दोघींना बाजाराकडे जाताना बघितलं. खाला पुढे, यतीमा मागे. दोरी नव्हती. खालाच्या हातात रोटीचा तुकडा होता, तो दाखवत ती चालली होती, आणि गाय तो मागत मागत तिच्या मागून. नाक्यावर ट्रॅक्टर आला तेव्हा यतीमा खालाच्या अंगाला चिकटून उभी राहिली. मला वाईट वाटलं. पण त्याबरोबर, आपण एक काम नीट तडीस नेलं, असंही वाटलं. हे मी लपवत नाही.

बुधवारी खालाने एकच बाटली आणली. डोळे सुजलेले. चहा नव्हता.

"काळी. लिही."

"किती लिटर?"

तिने गोठ्याच्या दाराकडे बघितलं. "पंधरा."

"नऊ द्यायची ना ती? एकदम पंधरा?"

"लिही म्हटलं ना. आता दुसरं नाव कुठून आणू?"

मला त्यातलं काही कळलं नाही. मी पंधरा लिहिलं.

शनिवारी कागद आला. ४४२०, साखर तीन पॉइंट आठ, पेशी चौदा लाख.

मी खुर्चीत बसून तो कागद तीनदा वाचला. पंधरा दिवसांपूर्वी जिच्या दुधात बोट ठेवायला जागा नव्हती, ती काळी! डॉक्टरांचं खरं झालं, एकीचं दुसरीला लागलं, असं आधी वाटलं. पण एवढ्या लवकर? मी जुने सगळे कागद टेबलावर एकाखाली एक मांडले. यतीमाची साखर चार पॉइंट आठ, चार पॉइंट पाच, चार पॉइंट दोन, चार, तीन पॉइंट नऊ, आणि त्याखाली काळीची तीन पॉइंट आठ. दूध चोवीस, बावीस, वीस, अठरा, सोळा, आणि त्याखाली काळीचं पंधरा. गाय बदलली होती, ओळ तीच होती. आणि काळीच्या नावावरची ती नऊ लिटरवाली, निरोगी, गोड दुधाची ओळ कुठेच पुढे गेली नव्हती. ती मंगळवारी बाजारात संपली होती.

मोपेड कालव्यापर्यंत कशी नेली, आठवत नाही.

खाला गोठ्यात होती, दार उघडं होतं. ती काळीच्या मागे उकिडवी बसून तिची कास शेकत होती. मागचा उजवा सड लाल, टणक, दुरूनही दिसत होता. काळी पाय झाडत होती.

"आलीस?" खाला माझ्याकडे न बघता म्हणाली. "बघ. एकदाच हिचं नाव लिहू दिलं तुला. एकदाच! आणि तिसऱ्या दिवशी ही दगडी. समाधान झालं?"

"खाला," मी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "तुम्ही बाटल्या बदलायचात?"

"मग?" ती गर्रकन वळली. तिला यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. "चोवीस लिटर हिच्या नावाने भिंतीवर लावू द्यायचे? येणारा-जाणारा वाचतो तिथे! चांगली, तरणी, देणारी गाय. किती दिवस टिकली असती? मी हिचं दूध यतीमाच्या बाटलीत घालायची आणि यतीमाचं हिच्या. म्हटलं, त्या म्हातारीला कोण नजर लावणार, एक शिंग, हाडं वर आलेली. पण लागली. कागदावर नाव तिचं होतं ना! सगळ्या गावाची नजर तिने झेलली, माझ्या त्या पोरक्या लेकराने. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला घालवायला लावलं. आता नाव हिचं, तर हिला लागली."

मी दाराच्या चौकटीला टेकले. तिच्या बोलण्यात एकही कच्चा दुवा नव्हता. यतीमाचं नाव होतं तोवर यतीमा आजारी, काळीचं नाव आलं तशी काळी आजारी. माझ्या कागदांनीच तिला दर पंधरा दिवसांनी पुरावा आणून दिला होता.

गप्प बसावं असं मला वाटलं, अगदी खरंच वाटलं. काळीला ट्यूब सोडायच्या, डॉक्टरांना बोलवायचं, झालं. म्हातारीला समजून काय मिळणार होतं? पण ती फडकं पिळत पुढे म्हणाली, "मेव्हण्याची एक म्हातारी गाय आहे, भाकड होत आलेली. ती आणते उद्या. बिल्ला घालून दे तिला. तिचं नाव पुढे करू, म्हणजे ही सुटेल."

मग बोलावंच लागलं. नाहीतर पुढच्या महिन्यात आणखी एक गाय रोटीच्या तुकड्यामागून बाजारात गेली असती.

"खाला, नाव कुणाचंही असू दे. बाटलीत दूध जिचं, आजारी ती."

तिने फडकं खाली ठेवलं. विचार केला. "बाटलीत हिचं होतं."

"हो."

"पहिल्यापासून?"

"फेब्रुवारीपासून काळी आजारी आहे. त्या पहिल्या कागदापासून. तुम्ही ट्यूब दुसरीला सोडत होता."

गोठ्यात यतीमाची जागा झाडून काढलेली होती. खाला तिकडे बघत राहिली. मी वाट बघत होते, ती यतीमाबद्दल विचारेल याची. तिने ते विचारू नये असंही वाटत होतं. पण ती मला विचारण्याऐवजी सांगायला लागली.

"अल्लाल कसाई म्हणाला, खाला, एवढ्या म्हातारीची इतकी स्वच्छ कास मी आजवर कापली नाही. सगळ्यात आधी तीच विकली गेली म्हणे. मला वाटलं, मेला थट्टा करतोय."

मी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे बरी होती ती."

"हो."

"त्या वाट्यांमध्ये पाण्यासारखं राहिलं होतं, ते तिचंच होतं. ते मी बदललं नव्हतं. त्यावर नाव कुठे होतं, कशाला बदलू?"

"हो, खाला."

"तू तर म्हणायचीस, दूध बघून तुला कळतं."

"कळायला हवं होतं."

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखाद्याला आपण ओळखतो असं वाटावं आणि मग नीट आठवू नये, तशी. "मग तू आत का नाही आलीस?"

"तुम्ही येऊ द्यायचा नाहीत!" मी ओरडले. मला रडू येत होतं, म्हणून आवाज आणखी चढला. "चार वर्षं मी त्या बादलीवर बसले, बाहेर, उन्हात! दार लावून घ्यायचात तुम्ही माझ्या तोंडावर!"

"मी नाहीच म्हणणार गं," तामू खाला म्हणाली. "माझ्या आईनेही नाहीच म्हटलं असतं. तू शिकलेली होतीस. तू दार ढकलून यायचंस."